भूल आणि निश्चलता

शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा रोगी हलत नाही, कारण तो गाढ झोपलेला असतो, अशी आपली सर्वांची समजूत. आमच्या घरी तर ‘भूल’ आणि ‘झोपेचे औषध’ यांत कोणी फरकच करीत नाही. वास्तविक झोप वेगळी आणि निश्चलता वेगळी.

१८४६ पूर्वी रोग्याला स्थिर ठेवायचे ते दांडग्या मदतनिसांनी धरून वा पट्ट्यांनी बांधून. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे मॉर्टनने ईथरची भूल जाहीरपणे दाखविली आणि धरणाऱ्या हातांची गरज सरली. परंतु पोटाचे स्नायू सैल पडावेत म्हणून भूल इतकी खोल न्यावी लागे, की श्वासही मंदावू लागे. यातून वाट निघाली ती १९४२ साली. माँट्रियलच्या ग्रिफिथ व जॉन्सन या डॉक्टरांनी क्युरारे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील आदिवासींचे बाणाचे विष, शस्त्रक्रियेत वापरले. आता हलकी भूल पुरू लागली.

मात्र क्युरारे मेंदूला शिवत नाही. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही, एवढेच. भूल कमी पडून रोगी जागा झाला, तर त्याला सारे कळेल, पण पापणीही हलविता येणार नाही! मला तरी त्या जुन्या पट्ट्यांपेक्षा हे अधिक भयंकर वाटते. पट्ट्यांत माणूस निदान ओरडू तरी शकत होता.

मग अशा औषधावाचून रोग्याला स्थिर ठेवता येते काय? येते. कमरेखालच्या शस्त्रक्रियांना पाठीत सुई देतात. १८९८ साली जर्मनीत बिअरने ही रीत सुरू केली. आमच्या वाडीतल्या बायका सांगतात, “बाळ रडलेले ऐकले, पण पाय आपले वाटेनात.” जागेपण पुरते, आणि हालचाल नाही.

मणक्याच्या काही शस्त्रक्रियांत तर स्नायू शिथिल करणारे औषध टाळावेच लागते. मज्जारज्जूला इजा होत नाही ना, हे पाहण्यासाठी डोक्यावर सूक्ष्म विद्युत्-धक्का देऊन पायाचा स्नायू उत्तर देतो का ते तपासतात. स्नायूच गप्प केला, तर उत्तर कोण देणार? अशा वेळी प्रोपोफॉल व रेमिफेंटॅनिल ही औषधे शिरेतून सतत सोडतात. दुसरे औषध काही मिनिटांतच शरीरात विरघळून निकामी होते, म्हणून ते भरपूर मात्रेत देता येते.

ही निश्चलता येते कोठून? १९९३ साली शेळ्यांवर झालेल्या प्रयोगात भुलेचा वायू फक्त मेंदूलाच पोहोचविला, तेव्हा हालचाल थांबविण्यास दुपटीहून अधिक मात्रा लागली. म्हणजे शरीर स्तब्ध करण्याचे काम मुख्यतः मज्जारज्जूत होते. म्हणूनच झोपलेल्या रोग्याचाही हात हलू शकतो.

असा हात हलला की शस्त्रवैद्य वैतागतो. भूलतज्ज्ञाला मात्र ती वर्दी असते. तो औषध वाढवितो, आणि शिरेतली सुई निसटली तर नाही ना, हेही चादर उचलून पाहतो.