चालतंय तोवर

वसई पूर्वेला सातिवली, वालीव, गोखिवरे या बाजूला गेलात, तर दुतर्फा गाळ्यांच्या रांगा लागतात. कुठे प्लॅस्टिकचे डबे बनतात, कुठे नटबोल्ट, कुठे औषधांची खोकी. अशाच एका गाळ्यात छपाईचा आणि खोकी करण्याचा लहानसा धंदा आहे. तिथल्या कॉम्प्युटरांची देखभाल माझ्याकडे. बी. ए. झाल्यावर मी डीटीपी ऑपरेटर म्हणून या धंद्यात शिरलो आणि बंद पडलेली मशीन उघडून बघता बघता दुरुस्तीवाला झालो. मी कविता लिहितो, हे तिथे फक्त हिशेब बघणाऱ्या ताईंना ठाऊक होतं.

या गाळ्यात जिन्याखाली एक सर्व्हर होता. शब्द मोठा वाटतो, पण चाळीतल्या सामाईक नळासारखंच हे काम. प्रत्येकाचा कॉम्प्युटर वेगळा. पण टॅलीचे हिशेब, गिऱ्हाइकांची डिझाइनं, जुने मजकूर सगळे एकाच ठिकाणी साठवलेले. जो तो तिथून आपल्यापुरतं घेतो. नळ गेला की सगळ्यांचे हंडे रिकामे.

मशीन २००८ साली घेतलेलं, त्यावर विंडोज सर्व्हर २००३. मायक्रोसॉफ्टने या आवृत्तीची देखभाल १४ जुलै २०१५ रोजी थांबवली. देखभाल थांबली म्हणजे मशीन थांबतं असं नाही. ते दुसऱ्या दिवशीही तसंच सुरू होतं, आणि घोळ तिथेच आहे. त्यानंतर एखादं नवं भोक सापडलं, तर ते बुजवायला कोणी येत नाही, एवढाच फरक. तो डोळ्यांना दिसत नाही.

मी शेठना तीन वर्षं सांगत होतो. त्यांचं उत्तर ठरलेलं. "भाई, चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" त्यांना हसू नका. कटिंग मशीनला नवं पातं लावलं तर संध्याकाळपर्यंत माल जास्त निघतो. नवा सर्व्हर घेतला तर संध्याकाळी कालच्याइतकीच खोकी निघतात. लहान धंदेवाल्याने त्यासाठी पैसे मोजावेत कसे?

मे २०१७मध्ये वॉनाक्रायची साथ आली. विंडोजमध्ये फाइली वाटून घेण्याची जी जुनी पद्धत होती, तिच्यातल्या भोकातून हा किडा एका मशीनमधून दुसऱ्यात शिरायचा, फाइली कुलूपबंद करायचा आणि खंडणी मागायचा. हे भोक बुजवण्याचा उपाय मार्चमध्येच निघाला होता, पण देखभालीतल्या आवृत्त्यांसाठी. २००३ला तो मे महिन्यात, हाहाकार झाल्यावर, अपवाद म्हणून मिळाला. मी त्याच रविवारी जाऊन तो बसवला. शेठ म्हणाले, "बघा, झालं की नाही काम?"

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ला, आपल्या न्हावा शेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. ते चालवणारी कंपनी मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहातली. हल्ल्याची सुरुवात झाली होती युक्रेनमध्ये, तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मर्स्कला दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. त्यातली एक गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे त्यांचे सर्व्हर जगभर पुसले गेले. वाचला तो फक्त आफ्रिकेतल्या घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. आपण विजेला शिव्या घालतो. तिथे तिने न जाता काय केलं असतं, देव जाणे.

आमच्याकडे मात्र वीज गेली आणि घात झाला. १० जुलै २०१८. त्या पावसात वसई-विरार पाण्याखाली गेलं होतं, लोकल बंद होत्या, वीज तोडलेली होती. पाणी ओसरल्यावर गाळा उघडला. सर्व्हर स्टुलावर होता, पाणी त्याच्या वीतभर खाली थांबलेलं. पण वीज आल्यावर बटण दाबलं तर तो जागा होईना.

मी निर्धास्त होतो. दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप होत होता, "पूर्ण झाला" अशी नोंदही पडत होती. ती डिस्क घरच्या कॉम्प्युटरला लावली. हिशेब होते. २०१४नंतरचं एकही डिझाइन नव्हतं. त्या वर्षी जागा भरली म्हणून मीच डिझाइनांचा फोल्डर दुसरीकडे हलवला होता आणि बॅकअपला ते सांगायला विसरलो होतो. चार वर्षं तो इमानाने जुन्या जागेची नक्कल करत होता. नक्कल परत उघडून बघायची असते, हे मी इतरांना सांगत आलो. स्वतः एकदाही उघडली नव्हती.

तीन दिवस मी नीट जेवलो नाही. दिवाळीच्या खोक्यांची कामं तोंडावर होती. शेवटी जळालेला पॉवर सप्लाय बदलला आणि मशीन उठलं. शेठ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "नवीन किती दिवसांत येईल?"

मशीन आणणं हा कामाचा सोपा भाग. त्यात दोन डिस्क एकमेकींचा आरसा होतील अशा बसवल्या. एक गेली तर दुसरी चालते. पण हा बॅकअप नव्हे, हे शेठना दोनदा सांगावं लागलं. कपाळावरचा टिळा पुसला की आरशातलाही जातो. चुकून पुसलेली फाइल दोन्हींकडून जाते. म्हणून नक्कल निराळी: एक गाळ्यात, एक शेठच्या घरी माळ्यावर. आणि महिन्यातून एकदा ताई त्यातली कोणतीही एक फाइल उघडून बघणार.

खरा घोळ मराठीचा निघाला. १९९८पासूनचे मजकूर पेजमेकरमध्ये, जुन्या फॉन्टमध्ये बसवलेले. त्या काळी या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. म्हणजे आपण 'क' बघायचो. मशीनच्या लेखी ते इंग्रजीतलंच काहीतरी असायचं. फॉन्ट गेला की उरतो तो भलताच पाला. युनिकोडने, ज्याची पहिली आवृत्ती १९९१ची, देवनागरीला स्वतःच्या जागा दिल्या. जुनं त्यात नेणाऱ्या सोयी आहेत, पण चुका होतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, कारण ती आधी दिसते; युनिकोडमध्ये ती नंतर साठवतात, कारण ती नंतर उच्चारतात. 'वाऱ्या'तला 'ऱ्या' तर दर वेळी घसरायचा. ताई आणि मी महिनाभर जुन्या प्रुफांशी ताडून बघत बसलो. तोवर दोन्ही सर्व्हर शेजारी शेजारी चालू ठेवले.

त्यातच माझ्या नावाचा एक फोल्डर निघाला. काम संपल्यावर तिथेच टाइप केलेल्या जुन्या कविता. एका कवितेचा फॉन्ट कुठेच सापडला नाही. तो २००८च्याही आधीच्या मशीनवर राहिला असणार. मग हातानेच उकल केली. जे चिन्ह सगळ्यात जास्त वेळा आलं तो काना धरला, आणि तिथून एकेक अक्षर सोडवत गेलो. शेवटी एकच चिन्ह उरलं. कवितेत ते एकदाच आलेलं, त्यामुळे ताडून बघायला दुसरी जागा नाही. पाण्याखाली गेलेला वाडा, की पाण्याखाली गेलेला वाफा? आमच्याकडे वाडा कधी नव्हता. वडिलांचे भाजीचे चार वाफे होते. पण कवितेत माणूस नसलेलंही लिहितो.

ती जागा कोरी ठेवून कविता नव्या सर्व्हरवर ठेवली आहे. महिन्यातून एकदा उघडून बघायची फाइल म्हणून ताई बऱ्याचदा तीच उघडतात.