खिळ्यांचा पंखा आणि रायफलचे चक्र

चपट्या डोक्याचे दहा सारखे खिळे घ्या. सर्वांची डोकी एकाच बाजूला येतील असे ते टेबलावर एकमेकांना चिकटवून मांडा. रांग सरळ राहत नाही, पंख्यासारखी वळते. आता शेजारच्या दोन खिळ्यांपैकी एकाचे डोके दुसऱ्याच्या डोक्यामागे ठेवा आणि तो टोकाच्या दिशेने ढकला. डोक्यात डोके अडकते आणि खिळा थांबतो. रायफल बनविणाऱ्या अभियंत्यांना सतावणारी अडचण नेमकी हीच होती.

तुमच्यापैकी जे एन.सी.सी.त आहेत त्यांना ‘पॉइंट टू-टू’ रायफल ठाऊक असेल. तिचे काडतूस १८८७ साली अमेरिकेत तयार झाले. त्याच्या पितळी नळीचा व्यास सुमारे ५.७ मि.मी. असतो, पण बुडाशी ७.१ मि.मी. व्यासाचा कंगोरा बाहेर आलेला असतो. हा कंगोरा आतून पोकळ असून त्यात आघाताने पेटणारे द्रव्य भरलेले असते. रायफलची कळ कंगोऱ्यावर आपटली की ते द्रव्य पेटते व त्यामुळे आतील दारू पेट घेते. म्हणजे कंगोरा काढून टाकणे शक्यच नाही!

आता अशी दहा काडतुसे एका पेटीत एकावर एक रचा. कंगोऱ्याला कंगोरा टेकला, तर मागच्या बाजूची उंची ७१ मि.मी. होते, पुढच्या बाजूची मात्र ५७ मि.मी. या १४ मि.मी.च्या फरकामुळे थर वाकतो. शिवाय वरच्या काडतुसाचा कंगोरा खालच्याच्या मागे गेला, तर पुढे सरकताना ते अडकून बसते.

मग तळाची स्प्रिंग अधिक जोरकस केली तर? त्याने अडकलेला कंगोरा सुटत नाही. उलट घर्षण वाढते. या काडतुसाची गोळी मऊ शिशाची असते, तीही खरवडली जाते. दुसरी अडचण हुकच्या नियमाची. समजा, पेटीत शेवटचे काडतूस उरले असता स्प्रिंग २ सें.मी. दाबलेली आहे आणि पेटी भरलेली असता ८ सें.मी. म्हणजे पहिल्या काडतुसाला शेवटच्याच्या चौपट जोर सोसावा लागेल.

अमेरिकेतील रूगर कंपनीने १९६४ साली बाजारात आणलेल्या ‘टेन-ट्वेंटीटू’ या रायफलीत वेगळा मार्ग निवडला. पेटीत थर रचण्याऐवजी मधोमध खाचा असलेले एक चक्र बसविले. प्रत्येक काडतुसाला स्वतंत्र खाच मिळाल्याने एकाचा कंगोरा दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. वरचे काडतूस पुढे सरकून नळीत गेले, की चक्र थोडे फिरते व पुढचे काडतूस पोलादी ओठांपाशी आणून ठेवते. दहा काडतुसे मावूनही पेटी रायफलीच्या बाहेर डोकावत नाही.

चक्राची कल्पना नवी नव्हती. १९०३ सालच्या ऑस्ट्रियन मानलिखर-शोनाउअर रायफलीतही ती होती. रूगरने ती कंगोऱ्याच्या छोट्या काडतुसाला लावली. चक्र फिरविणाऱ्या स्प्रिंगला जोडणीच्या वेळीच पीळ देऊन ठेवतात. समजा, हा पीळ दीड फेऱ्याचा आहे आणि पेटी भरताना आणखी एका फेऱ्याची भर पडते. मग सर्वांत जास्त व सर्वांत कमी जोराचे गुणोत्तर अडीचास दीड, म्हणजे सुमारे १.७ एवढेच येते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही विचाराल. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमार यांनी २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळविले. त्या स्पर्धेत अशीच कंगोऱ्याची काडतुसे वापरतात आणि पाच गोळ्या अवघ्या चार सेकंदांत झाडाव्या लागतात. तेथे एक काडतूस अडले, तर नेम कितीही अचूक असून काय उपयोग? याउलट, कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले, त्यात नेमबाज एकेक काडतूस हाताने भरतो. तेथे पेटीच नाही, म्हणून ही अडचणही नाही!

यंत्र अडले, की जोर वाढवावा असे आपल्याला प्रथम वाटते. परंतु ते कोठे आणि का अडते हे शोधून रचनाच बदलली, तर थोड्या जोरातही काम भागते.

जाता जाता एक प्रश्न: तुमच्या खिळ्यांचा पंखा पुढे वाढवत नेला, तर पूर्ण वर्तुळ व्हायला किती खिळे लागतील? आधी मोजमापे घेऊन गणित करा, मग पडताळून पाहा.