विंचवाचे चिन्ह आणि रांजणगावची मोटार

‘ट्यूनर’ हा शब्द कानावर पडला की आपल्याला पेटीचे स्वर लावणारा किंवा तंबोऱ्याच्या तारा जुळविणारा कारागीर आठवतो. मोटारींच्या धंद्यातही ट्यूनर असतो आणि त्याचे कामही फारसे निराळे नाही. कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी ही सर्वांसाठी केलेली असते. कोणीही चालविली, कसलेही पेट्रोल भरले, घाटात दमविली तरी ती टिकली पाहिजे. म्हणून तिच्या अंगची पुष्कळशी ताकद कारखानदार राखून ठेवतो. ही राखलेली ताकद जो मोकळी करून देतो, तो ट्यूनर.

कला शाखेच्या मुलीने मोटारीवर लेख का लिहावा, असे संपादक मंडळातील एका मैत्रिणीने मला विचारलेच. त्याचे उत्तर असे की, माझे काका नाना पेठेत सायलेन्सरचे वेल्डिंग करतात आणि नववीपासून त्यांच्या दुकानाचा जमाखर्च मी लिहिते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा अर्थशास्त्राच्या पुस्तकातील ‘लघुउद्योग’ हा शब्द वाचला की माझ्या डोळ्यांपुढे तो पत्र्याचा गाळाच येतो. ज्या माणसाविषयी मी लिहिणार आहे, त्याचे पोटही मुख्यतः सायलेन्सरवरच भरत होते.

त्याचे नाव कार्लो अबार्थ. जन्म १९०८ सालचा, व्हिएन्नाचा. तरुणपणी तो मोटारसायकलच्या शर्यतींत धावत असे. १९३४ साली ऑस्टेंड ते व्हिएन्ना अशी ओरिएंट एक्सप्रेस आगगाडीशी शर्यत लावून त्याने साइडकारच्या गाडीवर ती जिंकली, ही कथा प्रसिद्ध आहे. पुढे तो इटलीत स्थायिक झाला आणि १९४९ मध्ये त्याने स्वतःचा कारखाना काढला. त्याची जन्मरास वृश्चिक; म्हणून गाड्यांवर चिन्ह विंचवाचे. लहान अंगाचा पण नांगी असलेला प्राणी! चिन्ह याहून नेमके निवडता आले नसते, असे मला वाटते.

शर्यतीच्या गाड्या करावयाच्या तर पैसा हवा. तो अबार्थने सायलेन्सर आणि धुराड्याच्या नळ्या विकून मिळविला. आता सायलेन्सरचा ताकदीशी संबंध काय, असे वाचकांना वाटेल. आमच्याकडे येणाऱ्या मुलांचा समज असा की, सायलेन्सर काढून टाकला, आत छिद्रे पाडली, की गाडी पळते. काका त्यांना एकच सांगतात, “आवाज म्हंजी ताकद न्हाई, बाबा.” खरा प्रकार असा आहे. इंजिनात पेट्रोल जळून झालेला धूर सलग बाहेर पडत नाही; ठोक्याठोक्याने पडतो. आवाज मोडण्यासाठी सायलेन्सरात आडवे पडदे असतात. ते बेताचे नसले की धूर तुंबतो, आणि पुढच्या ठोक्याला इंजिनात ताजी हवा कमी शिरते. उलट नळीची लांबी व जाडी नीट साधली, तर बाहेर जाणारा एक ठोका आपल्या मागे किंचित पोकळी सोडतो आणि ती पुढच्या धुराला ओढून घेते. नळी नुसती कापून टाकली तर ही ओढही जाते. राहतो तो फक्त गोंगाट. तेव्हा हे काम तोडण्याचे नाही, मोजण्याचे आहे.

पण अबार्थची खरी ख्याती झाली ती हलक्या गाड्यांमुळे. फियाट कंपनीने १९५५ साली ‘६००’ नावाची छोटी गाडी आणली. आपल्याकडे कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जी फियाट होत असे, तिच्याहूनही ही लहान. इंजिन मागे, वजन ५८५ किलो आणि ताकद अवघी साडेएकवीस अश्वशक्ती. साध्या कुटुंबासाठी केलेली ही गाडी अबार्थने हाती घेतली. इंजिनाच्या क्रँकशाफ्टची घडण बदलून पिस्टनचा फेरा ५६ मिलीमीटरवरून ६४ पर्यंत नेला आणि सिलिंडरचा व्यासही किंचित वाढविला, तेव्हा ६३३ घन सेंटिमीटरचे इंजिन ७४७ चे झाले. कार्ब्युरेटर मोठा बसविला, नळ्या अर्थात स्वतःच्या. ताकद चाळीस अश्वशक्तीच्या वर गेली. मग मिलानच्या झागाटो या कारागीर मंडळींकडून वरचा सांगाडा लोखंडी पत्र्याऐवजी ॲल्युमिनियमचा ठोकून घेतला. ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश. वारा कमी लागावा म्हणून छत इतके खाली आणले की बसणाऱ्यांची डोकी टेकू लागली. त्यावर उपाय काय, तर दोन डोक्यांपुरते छताला दोन फुगवटे! गरजेतून झालेली ही गोष्ट पुढे त्या गाडीचे सौंदर्य ठरली.

आता थोडा हिशेब करू. मूळ फियाटमध्ये एका अश्वशक्तीच्या वाट्याला सुमारे २७ किलो ओझे येत होते. अबार्थच्या गाडीत ते जेमतेम १३ किलोवर आले. मोटार किती झपाट्याने वेग घेईल, हे नुसत्या ताकदीवरून नव्हे तर या भागाकारावरून ठरते. परंतु हलकेपणाचा फायदा येथेच संपत नाही. मार्केट यार्डातील हातगाडी पाहा. रिकामी गाडी एकटा माणूस पळवीत नेतो. तिच्यावर कांद्याची पोती चढली की ती हलवायलाच दोघे लागतात. वळणावर ती आपल्याच मनाने सरळ जाऊ पाहते. आणि उतारावर थांबविताना हमालाच्या टाचा घासतात. आणखी दोन हमाल लावले, म्हणजे ताकद वाढविली, तर सुरुवात तेवढी सोपी होते. वळणे आणि थांबणे अवघडच राहते. ओझे उतरविले तर तिन्ही एकदम सुधारतात. म्हणूनच छोट्या गाड्या वळणावळणांच्या रस्त्यांवर मोठ्यांना भारी पडत.

अबार्थने हा नियम स्वतःलाही लावला. १९६५ साली, सत्तावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, मोंझाच्या शर्यतमार्गावर वेगवाढीचे विक्रम करावयाचे त्याने ठरविले. पण एका माणसाच्या त्या चिंचोळ्या गाडीत तो मावेना! तेव्हा मुख्यतः सफरचंदे खाऊन त्याने तीस किलो वजन उतरविले, आणि विक्रम केले.

फियाटचे या माणसाशी वागणे मला विशेष वाटते. आपल्या गाडीची मोडतोड करतो म्हणून तिने त्याला कोर्टात खेचले नाही. त्याला अर्धवट तयार गाड्या पुरविल्या, त्याने मिळविलेल्या विजयांबद्दल त्याला पैसे दिले. १९५८ साली अबार्थने तयार केलेली इवलीशी फियाट ५०० मोंझावर सात दिवस आणि सात रात्री धावली. सरासरी ताशी १०८ किलोमीटर. त्या छोट्या गाडीविषयी लोकांचा विश्वास बसण्यास याचा उपयोग झालाच असणार. गाडी सुधारण्याचे सुटे भाग पेटीत घालून अबार्थ सामान्य मालकांनाही विकत असे. अखेर १९७१ मध्ये फियाटने त्याचा कारखानाच विकत घेतला. अबार्थ १९७९ साली वारला.

हा विंचू पुण्यापर्यंत आला २०१५ साली. आमचे मूळ गाव शिरूर तालुक्यातले. पुणे-नगर रस्त्याने जाताना महागणपतीचे रांजणगाव लागते, तेथील औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटांचा भागीदारीतील कारखाना आहे. तेथे होणाऱ्या पुंटो गाडीला १.४ लिटरचे टर्बो इंजिन बसवून, ताकद १४५ अश्वशक्तीपर्यंत नेऊन, चारही चाकांना डिस्क ब्रेक लावून आणि गाडी जमिनीकडे थोडी बसवून ‘अबार्थ पुंटो’ म्हणून ती ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात आली. किंमत दहा लाखांच्या किंचित आत. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. धुराचा उपयोग करून घेण्याची ही जुनीच विद्या, निराळ्या रूपात. मात्र गाडीचे वजन बाराशे किलोच्या वर होते. अबार्थच्या त्या ॲल्युमिनियमच्या गाडीच्या दुपटीहून जास्त! एका अश्वशक्तीमागे साडेआठ किलोच्या आसपास ओझे येते म्हणून ती पळते, पण हलकी तिला म्हणता येणार नाही. फियाटने भारतात आपल्या नावाच्या गाड्या विकणे २०१९ च्या सुमारास थांबविले, आणि ही गाडीही गेली.

आता मूळ मुद्द्याकडे येते. कारखान्याने विंचू चिकटविला तर ती नवी गाडी. काकांनी नळी बदलली तर तो गुन्हा. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे कारखानदाराने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच स्पष्ट केले. कर्कश सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरविल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहतो. त्याविषयी माझी तक्रार नाही. ससूनसमोरून रात्री फटफट करीत जाणाऱ्याला आवरलेच पाहिजे, आणि तसले काम काका घेतही नाहीत. परंतु गोंगाट करणारा आणि मोजून काम करणारा यांत हा कायदा फरक करीत नाही. सी.एन.जी.च्या संचांना मात्र वाट ठेवलेली आहे. तो संच आधी तपासला जातो, मान्य होतो, मग ज्या गाड्यांसाठी तो मान्य झाला त्यांत बसविता येतो. जर्मनीत सुट्या भागांचीही अशी तपासणी होऊन गाडीच्या कागदपत्रांत नोंद होते. आपल्याकडे तपासणी करणारी ए.आर.ए.आय. ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था याच शहरात, वेताळ टेकडीवर आहे. गॅसच्या संचाला जे दार उघडते ते एखाद्या चांगल्या नळीला का उघडू नये, हे मला समजलेले नाही. तपासणीचा खर्च एकट्या गाळेवाल्याला झेपणार नाही हे खरे. पण पाचदहा जणांची सहकारी संस्था हा काही महाराष्ट्राला नवा विचार नव्हे.

अर्थात काळ थांबलेला नाही. विजेच्या मोटारीला धूरच नाही, तेव्हा सायलेन्सरही नाही. अबार्थच्या नावाने २०२२ मध्ये विजेवर चालणारी गाडी दाखविण्यात आली. तिला आवाज नाही म्हणून बाहेरच्या बाजूस कर्णा बसवून त्यातून पेट्रोल इंजिनाचा गुरगुराट काढण्याची सोय केली आहे. हे मी काकांना वाचून दाखविले, तेव्हा ते बराच वेळ हसले. मग चष्मा कपाळावर सारून त्यांनी विचारले, “कर्णा कशानं बशिवलाय गं? वेल्डिंगनं का नटबोल्टानं?”