२४ की २८? चार मिलिमीटरचा प्रश्न

टेलीफोटोत चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. वाइड अँगलमध्ये मात्र खूप. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्सचा दृश्यकोन कर्णावर सुमारे ८४ अंश, २८ मिमीचा ७५ अंश. तीन मीटरवरच्या भिंतीचा पहिलीत साडेचार मीटर भाग मावतो, दुसरीत जेमतेम ३.९ मीटर. वाड्याच्या चौकात किंवा देवळाच्या सभामंडपात मागे सरकायला जागा नसते, तिथे २४च हवी.

माणसं टिपायची असतील तर माझा कौल २८ला. २४ मिमीत कडेचे चेहरे जास्त ताणले जातात. लग्नाच्या ग्रुप फोटोत टोकाची मंडळी उगीच रुंद दिसतात. हा लेन्सचा दोष नव्हे. रुंद दृश्य सपाट चौकटीत बसवलं की असं होणारच, लेन्स कितीही महाग असो.

एफ/१.४ हे ॲपर्चर एफ/२.८च्या चौपट प्रकाश घेतं. आकाशगंगेचे फोटो काढणाऱ्यांनी त्यासाठी जरूर पैसे मोजावेत, पण पूर्ण उघड्या ॲपर्चरवर कोपऱ्यातले तारे पंख फुटल्यासारखे दिसत नाहीत ना, हे आधी तपासावं. वजनाचाही विचार हवा: कॅननच्या ईएफ २४ मिमी एफ/१.४ एल (दुसरी आवृत्ती) लेन्सचं वजन ६५० ग्रॅम, एफ/२.८ आयएसचं फक्त २८० ग्रॅम. गड चढताना हा फरक खांद्याला कळतो.

कॅमेरा १.५ क्रॉपचा एपीएस-सी असेल तर या लेन्स ३६ आणि ४२ मिमीसारख्या वागतात. तिथे १६ किंवा १८ मिमीच बघा.