आभाळातला अग्निगोल: टेकडीमागे काहीच पडलेलं नसतं

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ-खानदेशात लोकांनी आभाळातून जळत्या ठिपक्यांची रांग सरकत जाताना पाहिली. व्हिडिओ फिरले, 'उल्का पडली' अशी बातमी झाली. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे ३ मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. ती उल्का नव्हतीच. चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तो निकामी टप्पा असल्याचं कक्षेच्या नोंदींवरून अभ्यासकांनी सांगितलं.

फरक ओळखायला दुर्बीण लागत नाही, मनातल्या मनात आकडे मोजले तरी पुरे. रॉकेटचा अवशेष सेकंदाला ७-८ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवा वातावरणात शिरतो. म्हणून तो मिनिटभरही दिसत राहतो आणि वाटेत त्याची शकलं होतात. उल्का सेकंदाला किमान ११, कधी ७० किलोमीटर वेगाने येते. बहुधा काही सेकंदांतच विझते. शुक्राहून तेजस्वी असली तर ती अग्निगोल. तुटलेला तारा मात्र नव्हे. साध्या उल्केमागे वाळूच्या कणाएवढा ऐवज असतो, अग्निगोलामागे एखादा दगड.

'आमच्या टेकडीमागेच पडली', हा समज सर्वांत चिवट. लोक रात्री टॉर्च घेऊन रान तुडवतात. उल्केचा उजेड साधारण १०० किलोमीटर उंचीवर सुरू होतो आणि बहुतेक वेळा जमिनीपासून २० किलोमीटर वरच संपतो. क्षितिजालगत दिसलेली उल्का दोन-तीन जिल्हे ओलांडून पलीकडे असते. टेकडीचा तिच्याशी काही संबंध नाही.

उजेड गेला की धोका टळला, असंही वाटतं. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा पाषाण ३० किलोमीटर उंचीवर फुटला. झगमगाट पाहून माणसं खिडक्यांशी धावली. आघातलहर मागाहून, मिनिटाहून अधिक वेळाने आली आणि तावदानं फुटली. दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली, बहुतेक काचांनी. एवढा मोठा अग्निगोल क्वचितच येतो, पण दिवसासारखा उजेड पडला तर आधी काचेपासून लांब व्हा.

पडलेला दगड लालबुंद असतो, हेही खरं नाही. तापतो तो वरचा पापुद्रा, समोरची हवा दाबली गेल्याने. तो वितळून उडून जातो आणि आतला भाग थंडच राहतो. शेवटची काही मिनिटं दगड न पेटता, थंड हवेतून नुसता पडत असतो. त्याने गंजी पेटत नाही.

२२ मे २०१२ च्या दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात मात्र खरंच अशनी, म्हणजे जमिनीपर्यंत पोचलेले उल्केचे दगड, पडले. असा काळ्या, पातळ कवचाचा दगड हाती लागला तर धुऊ नका, हातोडीने फोडू नका. कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवा, जागा लिहून ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशातल्या अशनींचं जतन तेच करतात.