पावसातली रेडिओ-नियंत्रित मोटार : धाव आणि निगा

जुलैमधल्या एखाद्या रविवारी पाऊस जरा उघडीप देतो. सोसायटीच्या आवारात साचलेली डबकी पाहून मुलगा आपली रेडिओवर चालणारी मोटार बाहेर काढतो आणि वडीलही तितक्याच हौसेने त्याच्या जोडीला उतरतात. तासभर पाण्याचे फवारे उडवीत गाडी धावते. मग ती वरवर पुसून कपाटावर ठेवली जाते. पुढे गणपतीच्या सुटीत ती खाली काढावी, तर पुढची चाके वळत नाहीत, मागच्या चाकातून करकर आवाज येतो आणि स्क्रूंच्या माथ्यांवर तांबूस गंज चढलेला असतो. 'पाण्याने गाडी गेली', असा निष्कर्ष काढला जातो. बहुतेक वेळा तो अर्धाच खरा असतो. त्या एका तासात गाडीचे फारसे काही बिघडलेले नसते. खरी झीज होते ती नंतरच्या सहा आठवड्यांत, कपाटावर, कोणाचे लक्ष नसताना.

छंद म्हणून घेतल्या जाणाऱ्या या मोटारींची किंमत काही हजारांपासून पन्नास हजारांच्याही पुढे जाते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर अशा मालमत्तेवर घसारा धरावाच लागतो. पण तो दहा वर्षांत विभागायचा की एका पावसाळ्यात संपवायचा, हे बव्हंशी मालकाच्या हाती असते.

'वॉटरप्रूफ' या शब्दाची व्याप्ती

अलीकडच्या अनेक मोटारींच्या खोक्यावर 'वॉटरप्रूफ' असे ठळक छापलेले असते. कर्जाच्या करारपत्राप्रमाणेच येथेही बारीक अक्षरांतला मजकूर अधिक महत्त्वाचा. पुष्कळदा हा दावा केवळ विद्युत भागांपुरता असतो, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणारा स्पीड कंट्रोलर, चाके वळविणारा सर्व्हो आणि संदेश ग्रहण करणारा रिसीव्हर. बेअरिंग, दांडे, स्क्रू यांच्याविषयी तो काहीच सांगत नाही. हातातला ट्रान्समीटर तर बहुधा पाण्यापासून सुरक्षित नसतोच. पावसात तो पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वापरणे शहाणपणाचे. काही वस्तूंवर 'आयपी' अक्षरांपुढे दोन अंक असतात. त्यांपैकी दुसरा अंक पाण्यासंबंधी असतो. तेथे ४ असेल, तर कोणत्याही दिशेने उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण. ७ असेल, तर एक मीटरपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास बुडूनही संरक्षण. शिंतोडे सोसणारी गाडी डबक्यात बुडविली, तर तो दोष उत्पादकाचा म्हणता येत नाही.

शुद्ध पाणी विजेचे फार मंद वाहक असते. त्यात विरघळलेले क्षार ते वाहक बनवितात. म्हणूनच पावसाच्या थेंबापेक्षा डबक्यातील गढूळ पाणी अधिक घातक आणि समुद्राचे पाणी सर्वांत घातक. विद्युत पट्टीवर राळेचा किंवा सिलिकॉनचा पातळ थर देऊन आणि रिसीव्हरची डबी रबरी कडीने बंद करून कारखान्यात हे संरक्षण साधले जाते. त्या डबीतून तारा जेथे बाहेर पडतात, तेच तिचे मर्मस्थान. दुरुस्तीसाठी ती उघडल्यास तेथे पुन्हा सिलिकॉन ग्रीस भरल्याशिवाय झाकण लावू नये. हा एवढासा कंटाळा पुढे सर्वाधिक महाग पडतो.

पाण्यात धावताना

आजच्या बहुतेक संचांत २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरल्या जातात. पाणी या लहरी झपाट्याने शोषून घेते. गाडी वीतभर पाण्याखाली गेली की तिला मालकाचा आदेश ऐकू येईनासा होतो. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात त्या मानाने कमी क्षीण होत. रेडिओ-नियंत्रित पाणबुड्यांचे हौशी आजही कमी वारंवारितेच्या जुन्या संचांना पसंती देतात, ते याच कारणाने. संदेश तुटताच मोटर आपोआप थांबावी, अशी 'फेलसेफ' नावाची सोय रिसीव्हरमध्ये असते. पावसाळ्यापूर्वी तिची परीक्षा घ्यावी. गाडी जाड पुस्तकांवर अशी ठेवावी की चाके अधांतरी राहतील. चाके संथ फिरवीत ट्रान्समीटर बंद करावा. चाके थांबली, तर ठीक. फिरतच राहिली, तर अशी गाडी रस्त्यालगत नेणे धोक्याचे.

चिखल हा पाण्याहून मोठा शत्रू होय. तो चाकांना धरून ठेवतो, मोटरवरचा भार वाढतो आणि बाहेर गारवा असूनही ती आतून तापते. मोटरच्या दांड्यावरील छोटे दंतचक्र एक-दोन दात कमी असलेले बसविले, तर वेग थोडा घटतो, पण मोटरला आराम मिळतो. मध्येच गाडी थांबवून मोटरला बोट लावून पाहावे. बोट दोन-तीन सेकंदही टेकवत नसेल, तर त्या दिवसाचा खेळ आटोपता घ्यावा. कार्बनचे ब्रश असलेल्या मोटरमध्ये ते ब्रश ओल्या चिखलाने लवकर झिजतात. ब्रशलेस मोटरला ती चिंता नसते, मात्र तिच्याही बेअरिंगला पाणी लागतेच.

दोन ठिकाणी मात्र गाडी नेऊच नये. पहिले, समुद्रकिनाऱ्यावरची लाटांची ओली पट्टी. दापोली असो वा कळंगुट, ते खारे पाणी पोलाद तर खातेच, शिवाय ॲल्युमिनियमच्या भागांनाही सोडत नाही. दुसरे, शहरातील तुंबलेले पाणी. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा रोग पायांवरच्या बारीकसारीक जखमांवाटे शिरतो. गाडी अशा पाण्यात अडकली, तर तिच्यामागे मुलाला अनवाणी उतरू देऊ नये. त्या पाण्याखाली उघडे मॅनहोलही असू शकते. गाडी दुसरी घेता येते.

पहिला तास

परदेशी माहितीपुस्तिकांत 'गाडी वाळू द्यावी' असे एक वाक्य असते. कोरड्या हवेच्या देशांत ते पुरेसे आहे. कोकणपट्टीत किंवा थेट केरळपर्यंतच्या किनाऱ्यावर जुलैमध्ये हवेतील आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या आसपास रेंगाळते. जेथे दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेथे बंद बेअरिंगमधला थेंब आपोआप कसा वाळणार? आपल्याकडे गाडी वाळण्याची वाट पाहून भागत नाही, ती वाळवावी लागते.

घरी येताच प्रथम बॅटरी काढावी. मग चिखल ओला असतानाच दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने आणि स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेने तो काढावा. जोराची फवारणी चिखलाला सांध्यांच्या आत ढकलते. फडक्याने टिपून गाडी उभी-आडवी करून पाणी निथळू द्यावे. सायकलच्या पंपाने सांध्यांत हवा मारावी आणि नंतर गाडी दोन-तीन तास पंख्याखाली ठेवावी. केस वाळविण्याचे यंत्र वापरायचेच, तर थंड हवेवर. उष्ण झोताने प्लॅस्टिक वाकते. तांदळाच्या डब्यात गाडी पुरून ठेवण्याचा उपाय बराच लोकप्रिय आहे, पण तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही आणि त्याची भुकटी मात्र गिअरमध्ये जाते.

नंतर पाळी बेअरिंगची. डब्ल्यूडी-४० हा फवारा येथे उपयोगी पडतो. १९५३ साली अमेरिकेत सिद्ध झालेल्या या द्रवाच्या नावाचा अर्थच 'जलविस्थापन, चाळिसावा प्रयत्न' असा आहे. तो पाणी हुसकावतो, परंतु टिकाऊ वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नये. तो मारून, पुसून, मग शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब प्रत्येक बेअरिंगला द्यावा आणि चाक बोटाने फिरवून पाहावे. सहज फिरत राहिले, तर काम झाले. खरखर लागली, तर ते बेअरिंग बदलणेच बरे. धातूच्या झाकणीपेक्षा रबरी झाकणीची बेअरिंगे पावसाळ्यात अधिक टिकतात. स्क्रू आणि दांड्यांवर तेलाचे बोट फिरविले तरी पुरते.

टायरच्या आतला स्पंज पाणी पिऊन जड होतो. चाक हलवून आत डुचमळ ऐकू आल्यास हवेच्या छिद्राकडून ते निथळावे, अन्यथा असमतोल चाके पुढच्या वेळी साऱ्या सांध्यांना हादरे देतात. डिफरन्शियलमधील ग्रीस महिन्यातून एकदा उघडून पाहावे. ते दुधाळ दिसू लागले, म्हणजे आत पाणी मिसळले. जुने पुसून नवे भरावे.

बॅटरी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय चार्जरला लावू नये, आणि तिच्या जोडणीवर हिरवट थर दिसल्यास तो आधी साफ करावा. फुगलेली लिथियम-पॉलिमर बॅटरी पुन्हा वापरू नये. चांगली बॅटरी पावसाळाभर पडून राहणार असेल, तर ती पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवता प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या जवळ ठेवावा. गाडी झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या मूठभर पुड्यांसह ठेवावी. मात्र ती पूर्ण वाळल्यावरच, कारण ओल्या गाडीवर डबा बंद केला, तर तो ओलावाच आत कोंडून ठेवतो.