पिचमधला गुन्हेगार

दगडी कोळसा बंद भट्टीत तापवला की डांबर निघते. त्यातली तेले उडवून लावली की खाली उरते ते काळे, ठिसूळ पिच. धुराडी साफ करणाऱ्यांना काजळीपायी कातडीचा कर्करोग होतो, हे लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ सालीच सांगितले होते. डांबर हाताळणाऱ्यांचीही तीच गत. पण दोषी द्रव्य कोणते? पिच म्हणजे शेकडो द्रव्यांचे कडबोळे हो!

लंडनला केनवे यांच्या प्रयोगशाळेत हीगर यांनी एक युक्ती काढली. डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण डांबरावर सोडले की ते स्वतःच चमकते. त्या चमकेचे पृथक्करण केले तर ठरावीक पट्टे दिसतात. जनावराच्या डागावरून धनी ओळखावा, तसे पट्ट्यांवरून द्रव्य ओळखायचे. मग तब्बल दोन टन पिच घेऊन ते गाळले, विरघळवले, स्फटिक पाडले. दर खेपेला पट्टे कुठल्या भागात गेले ते पाहिले. १९३३ साली हाती आले थोडेसे पिवळे स्फटिक : बेंझपायरीन. गुरुजी, फळ्यावर एकमेकांना चिकटलेले पाच षटकोन काढून दाखवा. कार्बनचे २० अणू, हायड्रोजनचे १२.

आपल्या सडकेवरचे डांबर आता बहुधा खनिज तेलाचे असते. त्यात हे द्रव्य पुष्कळच कमी. कोळशाचे डांबर मात्र अंगाला लागले तर साबणाने लगेच धुवा.